पिल्लाची सरळ बैठक : चौथ्या ते सहाव्या महिन्याची नोंद

कुत्र्याचं पिल्लू, गावठी, मादी, सध्या सहावा महिना चालू. ‘बस’ म्हटल्यावर बूड टेकतं, तेवढं पक्कं झालंय. आता काम आहे ते बैठकीच्या आकाराचं. मागचे दोन्ही पंजे पोटाखाली जवळ, गुडघे आत, कणा सरळ, शेपूट मधोमध. चौथ्या महिन्यात ती एका पुठ्ठ्यावर (कुल्ल्यावर) कलून, दुसरा पाय बाजूला टाकून बसायची. स्नायू कच्चे असतात तोवर बरीच पिल्लं अशीच बसतात. पण त्या बसण्यालाच खाऊ मिळत गेला तर पुढे मोडणं अवघड जातं.

आधी जमीन बघा. गोव्यात पावसाळी दमट हवेत चकचकीत फरशीला ओल सुटते. बसताना पाय घसरू नयेत म्हणून पिल्लू ते फाकवतं, आणि आपल्याला वाटतं त्याला शिकवलेलं कळत नाही. काथ्याचं पायपुसणं फरशीवर सरकतं, त्यामुळे खाली रबर असलेली चटईच घ्या. जुन्या घरातला खरखरीत कोबाही चालतो.

सगळ्यात जास्त फरक पडला तो फळीने. 12 मिमी प्लायवूड, खाली लाकडी पट्ट्या मारून एकूण उंची साधारण 5 सेंमी, वर रबर चिकटवलेलं. रुंदी पिल्लाच्या खांद्यांपेक्षा जेमतेम 4-5 सेंमी जास्त. अंगणात पडलेला चिरा (जांभा दगड) वापरायचा मोह होतो, पण तो उंचही पडतो आणि खरखरीतही. पुढचे पाय फळीवर, मागचे जमिनीवर. खाऊ नाकाशी धरून हात वर आणि किंचित पुढे न्यायचा. पुढचे पंजे जागचे हलत नाहीत, मागचे पुढे सरकून अंगाखाली येतात. हीच हवी ती बैठक. बहुतेक जण हात डोक्यावरून मागे नेतात. त्याने कुत्रा मागच्या पायांवर रेलत, पुढचे पंजे मागे घेत बसतो आणि बैठक सैल पडते. हात फार उंच गेला तर पुढचे पाय उचलले जातात. नाकापासून 2-3 सेंमी अंतर पुरे. पुठ्ठ्यावर दाब देऊन बसवू नका. कुत्रा उलट जोर लावतो, आणि वाढत्या सांध्यांना ते बरं नाही.

खाऊ म्हणजे बिनमिठाची उकडलेली कोंबडी, चणाडाळीएवढे तुकडे. सुकी सुंगटं (कोळंबी) आवडतात खरी, पण खारट असतात, म्हणून नकोत. दमट हवेत कोंबडी लवकर खराब होते, तेव्हा एका वेळेपुरतीच फ्रिजमधून काढायची. दिवसभरातला असा खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवा. एका वेळी आठ-दहा बैठका, तीनेक मिनिटं, मग सुट्टी.

बूड सरळ टेकलं त्याच क्षणी ‘हां’. दोन सेकंदांनी म्हटलं तर तोवर पिल्लू कललेलं असतं आणि शाबासकी कलण्याला मिळते. खाऊ दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या उंचीवर द्यायचा. कुत्रा डाव्या बाजूला असताना उजव्या हाताने भरवला की त्याचं डोकं आपल्यासमोर वळतं आणि बूड डावीकडे बाहेर जातं. डाव्या हाताने, आपल्या विजारीच्या शिवणीलगत भरवा. तरीही बूड जात असेल तर त्याच्या डाव्या अंगाला भिंत ठेवा. मोबाइल जमिनीवर ठेवून मागून चित्रण केलं की उभ्याने न दिसणारा कल लगेच दिसतो.

आजची स्थिती : फळीवर बैठक स्वच्छ. फळीशिवाय सोप्यावर (ओसरीवर) बहुतेकदा सरळ, थकल्यावर उजवीकडे कल. हात रिकामा ठेवून तीच खूण केली तरी बसते. खाऊ नंतर पिशवीतून. शब्द आता खुणेच्या आधी, मध्ये सेकंदभर थांबून. ‘चल’ म्हणेपर्यंत पाच सेकंद टिकते. पदेराचा (सायकलवरून पाव विकणाऱ्याचा) भोंपू वाजला की मात्र उठतेच. त्यावर उपाय एकच : सायकल लांब असताना बसवायचं, एक सेकंद टिकली की खाऊ द्यायचा, आणि अंतर रोज थोडंच कमी करायचं. मासळीवालीची टोपली तूर्त बाजूला.

ओल्या गवतावर बसायला कां-कूं करणं हा हट्ट नव्हे. पोटाला गार लागतं. चटई अंथरा. वाळूवर उतार असतो, तिथे बैठक वाकडीच येते, म्हणून समुद्रावर आकाराचा आग्रह धरत नाही.

नीट बसणारं पिल्लू अचानक एकाच कुशीवर बसू लागलं किंवा बसायचं टाळू लागलं, तर सराव थांबवा. पंजाच्या बोटांमध्ये गोचीड किंवा काटा आहे का ते पाहा. बूड जमिनीवर घासत असेल तर गुदग्रंथी भरल्या असण्याची शक्यता असते. काहीच सापडलं नाही तर पशुवैद्याकडून कुल्ल्याचे सांधे आणि गुडघे तपासून घ्या. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड यांना कुल्ल्याच्या सांध्यांचा त्रास जास्त होतो, ते पाळणाऱ्यांनी तर अजिबात थांबू नये.

पुढचं काम : फळीची उंची निम्मी करून शेवटी नुसती चटई, आणि चालता चालता थांबल्यावर डाव्या पायालगत तीच बैठक.