हात कुणाचा?

सोलापुरात मधल्या मारुतीजवळ मोगरा घ्यायचा तर तो हातावरच मोजून मिळतो. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माळ ताणली की झाला एक हात. आपण हात म्हणतो, कानडी बाई मोळ म्हणते, तेलुगू बाई मूर. तिन्ही शब्द एकाच पाटीपुढे ऐकू येतात. माझ्या सासूबाई मात्र फुलांआधी फुलवालीचा हात बघतात. लांब हाताची बाई असली की मोगरा थोडा कोमेजलेलाही चालतो.

मला याचं हसू यायचं. पण कौटिल्यालाही हीच काळजी पडली होती. 24 अंगुळांचा एक हात, ठीक. पण अंगुळ कुणाचं? तर मध्यम पुरुषाच्या मधल्या बोटाचं, तेही मध्यभागी मोजलेलं. एवढी मधली वाट काढूनही समाधान झालं नसावं, म्हणून जवाचे आठ दाणेही शेजारी मांडून ठेवलेत. शिवकाळात जमीन मोजायची काठी पाच हात पाच मुठींची होती. काठी एकदा तोडली की हात कुणाचा हा वादच मिटला. मोगऱ्याला कोण काठी लावणार?

चरकसंहितेनं माणसाची उंची 84 अंगुळं सांगितली आहे, तीही ज्याची त्याच्या बोटांनी. 24 नं भागा, बरोबर साडेतीन हात. कीर्तनात ऐकलेला साडेतीन हातांचा देह हिशेबातही असा चोख बसलेला बघून मला भारी आनंद झाला. लगेच भिंतीला पाठ लावून उभी राहिले, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरून पेन्सिलीची रेघ मारली आणि जमिनीपासून माझ्याच हातानं मोजत गेले. पावणेचार भरले. सासूबाई म्हणाल्या, "तुझा हात आखूड, मी म्हणतेच की."

वडिलांच्या गावी विहिरीचं पाणी परसांत सांगायचे, म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस बुडेल एवढं एक परस. लहानपणी मला प्रत्येक परसाला पाण्यात उभा एक माणूस दिसायचा. अजूनही दिसतो.

परवा फुलवाली जेवायला गेली होती आणि पाटीवर तिचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा बसला होता. त्यानं इवल्या हातावर माळ ताणली तशा सासूबाई कडाडल्या, "हा कसला रे हात? आईला बोलाव."

"आई म्हणलीय की काकू, माझ्या हाताला वर चार बोटं सोडायची," म्हणत त्यानं माळ पुढं सरकवली आणि चार बोटं टेकवली. सासूबाईंनी आधी ती बोटं बघितली, मग स्वतःची चार त्यांच्या शेजारी ठेवली.

"माझी धर," म्हणाल्या.