फणसाखालची रेंज
आमचं कोकणातलं घर जांभ्याचं, भिंती दीड फूट जाड, उन्हाळ्यात मस्त गार पण रेंजच्या नावाने बोंब. फोन आला की आई अंगणात फणसाखाली पळायची, पावसात एका हातात छत्री, दुसऱ्यात फोन आणि "हॅलो, ऐकू येतंय का?" चालूच. फोनच्या सिम स्टेटसमध्ये सिग्नलची ताकद बघितली तर माजघरात उणे 118 डीबीएम, फणसाखाली उणे 97 (आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली), म्हणजे आईचा अंदाज बरोबरच होता की! दुकानदार रेंज वाढवणारं यंत्र, म्हणजे बूस्टर, गळ्यात मारत होता, पण तो विनापरवाना लावणं बेकायदा आहे आणि आजूबाजूच्यांचं नेटवर्कपण बिघडतं, म्हणून नको म्हटलं. शेवटी घरात फायबरचं इंटरनेट होतंच, तर फक्त सेटिंगमध्ये जाऊन वायफाय कॉलिंग (म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून फोन) चालू केलं, एक पैसा खर्च नाही. आई मात्र अजून सवयीने अंगणातच जाते 😄