समासातील ‘कोणी?’

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. १९८६ साली दहावी होऊन मी शाळेतून बाहेर पडलो आणि गेली तीस वर्षांहून अधिक काळ ठाणे-बेलापूर रस्त्यावरील औद्योगिक पट्ट्यात नोकरी करीत आहे. यंत्रे कशी चालवावीत, टाक्या कशा धुवाव्यात, गळती झाल्यास कोणाला कळवावे, याच्या सूचना कामगारांसाठी मराठीतून लिहिणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. हे लिहिणे मला आठवी ते दहावीच्या तीन वर्षांत मराठीच्या बाईंनी शिकवले, आणि ते कसे शिकवले हे आज शाळेत लिहू लागलेल्या मुलांपर्यंत पोहोचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आठवीत ‘तलावपाळीवरील संध्याकाळ’ हा निबंध होता; तलावपाळी म्हणजे ठाण्यातील मासुंदा तलावाचा काठ. सगळ्या वह्यांत सूर्य लालबुंद होऊन मावळत होता, पाखरे घरट्यांकडे परतत होती आणि मन प्रसन्न होत होते. बाईंनी कोणाची वही आहे हे न सांगता पाच निबंध वाचून दाखवले, आणि त्यातला आपला कोणता हे ज्याचे त्यालाही ओळखता येईना. एकाने सूर्य तलावाच्या पाण्यात बुडवला होता. मासुंदा तलावाच्या चारही बाजूंना रस्ते आणि इमारती आहेत, मग सूर्य पाण्यात बुडताना तुला कोठून दिसला, असे बाईंनी त्याला शांतपणे विचारले. मग त्यांनी सर्वांना सांगितले, की शाळा सुटल्यावर वही घेऊन काठावर अर्धा तास उभे राहायचे, जे दिसेल त्याची दहा वाक्ये लिहायची आणि त्यात शोभेचा एकही शब्द घालायचा नाही.

मी कोपिनेश्वर मंदिराच्या बाजूला उभा राहिलो. सवयीने लिहिले, ‘एका वृद्ध, भाविक गृहस्थांनी अत्यंत श्रद्धेने नमस्कार केला.’ दुसऱ्या दिवशी बाईंनी ‘वृद्ध’, ‘भाविक’ आणि ‘अत्यंत श्रद्धेने’ यांवर रेघ मारली आणि समासात लिहिले, ‘श्रद्धा कशावरून दिसली?’ मी उभा राहून सांगू लागलो, की त्यांनी आधी छत्री बाजूला ठेवली, मग चपला काढल्या… बाईंनी मला तेथेच थांबवले आणि म्हणाल्या, “हेच लिही.” अखेर वहीत जे उतरले ते असे होते: ‘गृहस्थांनी छत्री भिंतीला टेकवली, रस्त्यावरच चपला काढल्या, देवळाकडे तोंड करून हात जोडले आणि डोळे मिटलेले असतानाच पायाने चपला चाचपल्या.’ वृद्ध आणि भाविक माणूस कोणालाही न पाहता लिहिता येतो. पायाने चपला चाचपणारा माणूस पाहावाच लागतो.

वहीत समास सोडण्याविषयी बाईंचा आग्रह मोठा होता. ‘दासबोधा’तील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. कागदाच्या चारही बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही, असे समर्थांनी त्यात सांगितले आहे, हे बाईंनी आम्हांला पहिल्याच आठवड्यात ऐकवले. आम्ही सोडलेल्या त्या जागेत पुढे तीन वर्षे तांबड्या शाईने एकच शब्द सर्वाधिक वेळा उमटला. तो शब्द म्हणजे ‘कोणी?’

‘मधल्या सुट्टीत गोंधळ करण्यात आला व काच फोडण्यात आली’ असे लिहिले, की समासात ‘कोणी?’ येत असे. वर्तमानपत्रे आणि कार्यालयीन पत्रे वाचून ‘करण्यात येत आहे’ हे वळण भारदस्त वाटू लागते, आणि नवशिक्याला भारदस्तपणाचा मोह लवकर पडतो. बाईंचा विरोध कर्मणि प्रयोगाला नव्हता. ‘मुलांनी काच फोडली’ हाही कर्मणि प्रयोगच आहे, पण त्यात मुले डोळ्यांसमोर येतात. कर्ता खरोखरच ठाऊक नसेल किंवा त्याला महत्त्व नसेल, तर तो खुशाल गाळावा. मात्र तो ठाऊक करून घेण्याचा कंटाळा आला म्हणून किंवा सांगण्याची भीती वाटली म्हणून गाळला असेल, तर ते वाक्य अपुरे आहे, असे त्या सांगत.

या एका शब्दाची किंमत मला नोकरीत कळली. सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्यात मी सूचना लिहिली होती, ‘पाळी बदलताना टाकीचा व्हॉल्व्ह बंद करण्यात यावा.’ जाणाऱ्या शिफ्टला वाटले येणारे करतील, येणाऱ्यांना वाटले जाणाऱ्यांनी केला असेल, आणि टाकी रात्रभर वाहत राहिली. कोणाला इजा झाली नाही, पण सकाळी ती ओली फरशी पाहताना मला आठवीची वही आणि तिच्यातली तांबडी शाई आठवली. त्याच दिवशी मी सूचना बदलली: ‘जाणाऱ्या शिफ्टचा ऑपरेटर व्हॉल्व्ह बंद करील आणि लॉगबुकात वेळ लिहून सही करील.’ वाक्य थोडे लांबले, पण काम कोणाचे आहे याविषयी शंका उरली नाही.

शब्दांच्या जागेविषयीही त्या तितक्याच दक्ष होत्या. ‘जुन्या पुस्तकांचे दुकान’ आणि ‘पुस्तकांचे जुने दुकान’ हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून त्यांनी एक अख्खा तास त्यावर घेतला होता. ‘सर्व दिवे बंद करू नयेत’ या वाक्यात एकही दिवा बंद करायचा नाही, की काही दिवे चालू ठेवून बाकीचे बंद केले तर चालेल? वाचणाऱ्याने दोन्ही अर्थ घेतले तर दोष त्याचा नव्हे.

विरामचिन्हे शिकवण्यासाठी त्यांनी घरातला एक मोडी कागद वर्गात आणला होता. मोडीत शब्दांमध्ये अंतर नसते, विरामचिन्हे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नाही. मेजर थॉमस कँडी यांनी एकोणिसाव्या शतकात विरामचिन्हे मराठीत रूढ केली, त्यापूर्वी वाचणाऱ्याला वाक्य कोठे संपते हे स्वतःच शोधावे लागे. तो कागद पाहिल्यानंतर पूर्णविराम ही वाचकाची सोय आहे, हे वेगळे सांगावे लागले नाही.

शुद्धलेखन त्या सर्वांत शेवटी तपासत, आणि हा क्रम मला आजही योग्य वाटतो. १९६२ सालचे नियम त्यांना तोंडपाठ होते, पण त्या आम्हांला आधी मोठ्याने म्हणायला लावत: फूल, फुलाला; गरीब, गरिबाला; वकील, वकिलाला. ‘शिर’ म्हणजे डोके आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी, हा भेद प्रथमोपचाराच्या सूचना लिहिताना माझ्या उपयोगी पडला आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या धास्तीने ज्यांचे पहिले वाक्यच कागदावर येत नाही, अशी हुशार मुले मी पाहिली आहेत, म्हणून हे आवर्जून लिहितो.

लिहून झाल्यावर वही शेजाऱ्याला द्यायची, त्याने ती मोठ्याने वाचायची आणि तो जेथे अडखळेल तेथे आपण पेन्सिलने टिंब द्यायचे, हा बाईंचा शेवटचा नियम होता. मी तो अजून पाळतो. सूचनेचा कच्चा मसुदा तयार झाला, की तो मी शिफ्टमधल्या सर्वांत नव्या हेल्परला वाचायला देतो आणि समोर पेन्सिल घेऊन बसतो. गेल्या महिन्यात कळव्याहून येणारा एक मुलगा ‘तदनंतर’ या शब्दाशी दोनदा थांबला. मी टिंब दिले, शब्द खोडला आणि वर ‘मग’ लिहिले. त्याने वाक्य पुन्हा वाचले, या वेळी न थांबता.