खुकरी, विक्रांत, विराट आणि पाण्याच्या रेषेखालची माणसे

बडोद्याहून दीवला जाणाऱ्या मंडळींचा तेथे जाण्यामागचा मुख्य हेतू काय असतो, हे गुजरातमध्ये राहणाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही आणि त्याविषयी मला काही म्हणायचेही नाही. पण चक्रतीर्थाच्या किनाऱ्याजवळ एका उंचवट्यावर समुद्राकडे तोंड करून काचेच्या आवरणात एका युद्धनौकेची प्रतिकृती ठेवलेली आहे. दीवला गेलेला बडोदेकर तेथे दहा मिनिटे तरी थांबतोच. ही नौका म्हणजे ‘आयएनएस खुकरी’. स्वतंत्र भारताच्या नौदलाने युद्धात गमावलेली ही एकमेव मोठी नौका होय.

खुकरी ही ब्रिटिश बांधणीची, पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी योजलेली लहान फ्रिगेट, म्हणजे मध्यम पल्ल्याची युद्धनौका, होती. डिसेंबर १९७१ मध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्यापलीकडे एक पाकिस्तानी पाणबुडी वावरत असल्याचे कळल्यावर तिला शोधण्यासाठी खुकरी आणि कृपाण या दोन नौका दीवच्या बाजूला धाडण्यात आल्या. ही पाणबुडी म्हणजे ‘हँगोर’. फ्रेंच बांधणीच्या या नव्या पाणबुडीचे कान आपल्या फ्रिगेटच्या कानांपेक्षा कितीतरी तिखट होते. त्यातच खुकरीवर सोनारची, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राची, क्षमता वाढवण्याचा एक प्रयोग चालू होता आणि त्यासाठी तिचा वेग कमी ठेवला होता. ९ डिसेंबरच्या रात्री हँगोरने पहिला टॉर्पेडो कृपाणवर सोडला, तो न फुटता निघून गेला. दुसरा खुकरीच्या तळाशी फुटला आणि काही मिनिटांतच ती पाण्याखाली गेली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. ६७ जण वाचले.

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला देऊन स्वतः नौकेबरोबर जाणे पत्करले, ही हकिगत सर्वांना ठाऊक आहे. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले आणि त्यांचे स्मरण ठेवले जाते ते योग्यच आहे. मात्र ही हकिगत सांगताना ज्याच्या हाती ते जॅकेट आले तो बहुतेक वेळा ‘एक नौसैनिक’ एवढाच उरतो. तो कोण होता, जहाजावर त्याचे काम काय होते, हे विचारण्याचे सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्याही मनात येत नाही. युद्धनौकांच्या आपल्या सगळ्याच आठवणींना हे लागू पडते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे, आणि ते वाटायला लावण्याचे काम बडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी केले.

हे काका मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. नौदलातून निवृत्त झाल्यावर एका कारखान्यात बॉयलर अटेंडंट म्हणून काम करायला बडोद्यात आले आणि इथलेच झाले. त्यांची नौदलातली बहुतेक वर्षे वाफेवर चालणाऱ्या, लिअँडर वर्गातल्या फ्रिगेटच्या बॉयलर रूममध्ये गेली. त्यांना कमी ऐकू येते, त्यामुळे ते मोठ्याने बोलतात आणि सगळ्या वाड्याला त्यांचे बोलणे ऐकावेच लागते. क्षेपणास्त्रांबद्दल किंवा तोफांबद्दल मी कधी विचारले, तर ते सरळ सांगतात, “अहो, ते वरच्यांना विचारा. आम्ही खालचे.”

हे ‘खालचे’ म्हणजे अक्षरशः पाण्याच्या रेषेखालचे. बॉयलर रूममध्ये उतरायला उभी लोखंडी शिडी. उष्णता पन्नास अंशांच्या पुढे, त्यामुळे अंगात सुती ओव्हरऑल. नायलॉन अजिबात चालत नसे, कारण आग लागली तर तो कातडीला वितळून चिकटतो. चार तासांचा एक वॉच, म्हणजे पाळी. भट्टीत तेलाचा फवारा सोडणारे स्प्रेअर किती चालू ठेवायचे आणि किती बंद करायचे, हे ब्रिजवरून, म्हणजे नौका हाकणाऱ्यांच्या वरच्या कक्षातून, येणाऱ्या वेगाच्या हुकमावर ठरायचे. हुकूम एका क्षणात बदलत असे, वाफ मात्र एका क्षणात बदलत नसे. या दोहोंमधला मेळ घालणे हेच स्टोकरचे, म्हणजे बॉयलर सांभाळणाऱ्याचे, कसब. धुराड्यातून काळा धूर निघाला तर हवा कमी पडते आहे आणि पांढरा निघाला तर जास्त होते आहे, हे खाली बसूनच एका आरशातून पाहायचे. काळा धूर शत्रूला मैलोगणती लांबून दिसतो, म्हणून त्याबद्दल वरून शिव्या पडत.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. अतितप्त वाफ डोळ्यांना दिसत नाही. पांढरे ढग दिसतात ते तिचे थंड झालेले रूप. एखाद्या जोडातून ती गळू लागली की नुसता शीळ घातल्यासारखा आवाज येतो आणि तोही चहूबाजूंच्या आवाजात नेमका कुठून येतो ते कळत नाही. अशा वेळी जुना माणूस झाडूची काठी पुढे धरून नळाच्या कडेकडेने सरकायचा, आणि जिथे काठी कापल्यासारखी होई किंवा करपे तिथे गळती आहे असे समजायचे. हे सांगताना काकांनी घरातला झाडू हाती घेतला आणि स्वयंपाकघरापासून दारापर्यंत, भिंतीला खांदा न लावता, हात पूर्ण लांबवून, एकेक पाऊल टाकत चालून दाखवले. काकू म्हणाल्या, “केर तेवढा कधी काढला नाही या झाडूने.”

हे समजल्यावर १९७१ मधली ‘विक्रांत’ मला वेगळी दिसू लागली. ४ डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला चढवला, पुढे चितगावची बंदरपट्टी झोडपली आणि पूर्व पाकिस्तानची समुद्राकडची वाट बंद केली, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. पण युद्धाच्या तोंडावर तिच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला होता आणि ती तीन बॉयलरवरच समुद्रात उतरली, हे फार थोड्या ठिकाणी सांगितले जाते. विमानवाहू नौकेचा वेग कमी होणे ही साधी अडचण नव्हे. छोट्या धावपट्टीवरून विमान उचलायला समोरून वारा लागतो आणि वारा नसेल तेव्हा तो नौकेने आपल्या वेगानेच निर्माण करायचा असतो. बंगालच्या उपसागरात त्या दिवसांत वारा मंद होता. वैमानिकांना पदके मिळाली, तीही न्याय्यच होती. परंतु तडा गेलेल्या बॉयलरशेजारच्या बॉयलरवर नजर ठेवून, कोणता जोड कधी बोलेल याचा कानोसा घेत, चार-चार तास उभे राहिलेल्या माणसांशिवाय ती विमाने डेकवरच राहिली असती. काका तेव्हा विक्रांतवर नव्हते. पुढे त्यांना शिकवणारे जे वरिष्ठ मिळाले त्यांच्यात तेथून आलेले काही होते, आणि त्यांचा दरारा निराळाच असे, असे ते सांगतात.

विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून तेही बंद झाले आणि २०१४ मध्ये ती भंगारात निघाली. तिचे पोलाद मोटारसायकलीत गेले, त्याची जाहिरातही झाली. ‘विराट’चा शेवट तर आमच्या गुजरातेतच झाला. १९५९ मध्ये ‘हर्मिस’ या नावाने ब्रिटिश नौदलात दाखल झालेली, १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात त्यांच्या ताफ्याचे नेतृत्व केलेली आणि १९८७ पासून २०१७ पर्यंत आपल्याकडे राबलेली ही नौका सप्टेंबर २०२० मध्ये ओढून अलंगच्या जहाजतोडणीच्या किनाऱ्यावर आणली गेली. तिचे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या योजनेला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मान्यता दिली होती. त्यातून काही झाले नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोडणीला स्थगिती दिली, तोवर तिचा बराच भाग कापला गेला होता आणि परतीची वाट उरली नव्हती.

यावर आमच्या मराठी मंडळींच्या गप्पांत नेहमी हळहळ व्यक्त होते. मला ती पूर्णपणे पटत नाही. खाऱ्या पाण्यात उभे असलेले लोखंड रोज गंजते, त्याला गोदीत न्यावे लागते, तळाचे पत्रे बदलावे लागतात, आणि तिकिटांच्या पैशांत हा खर्च निघत नाही. पन्नास-साठ वर्षे राबलेल्या जहाजाला कापून त्याचे पोलाद पुन्हा वापरात आणणे यात मला अपमान दिसत नाही. जुनी फ्रिगेट ‘नीलगिरी’ १९९७ मध्ये क्षेपणास्त्राच्या सरावात लक्ष्य म्हणून बुडवण्यात आली, तिच्यावर काम केलेल्यांनीही ते मनाला लावून घेतले नाही. शिवाय नौदलात नाव मरत नाही. बुडालेल्या खुकरीचे नाव १९८९ मध्ये माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या कॉर्व्हेटला, म्हणजे फ्रिगेटहून लहान युद्धनौकेला, मिळाले. ती ३२ वर्षे चालली, डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि आता दीवमध्येच लोकांना पाहण्यासाठी ठेवली आहे. विक्रांतचे नाव २०२२ मध्ये, नीलगिरीचे जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा समुद्रावर गेले.

माझी हळहळ आहे ती निराळ्या गोष्टीची. विराट अलंगच्या चिखलात चढवण्याआधी तिच्यावर राबलेल्या दहा-वीस जुन्या माणसांना तिच्या खालच्या डेकवरून फिरवून, हा व्हॉल्व्ह कशाचा, इथे कोण झोपत असे, कुठल्या दारात डोके आपटत असे, हे त्यांच्याच तोंडून नोंदवून घ्यायला ८५२ कोटी लागले नसते. जहाजाला पुन्हा नाव मिळते. स्टोकरला, स्वयंपाक्याला, सिग्नलवाल्याला तसे मिळत नाही, आणि वाफेची जहाजे गेली तसे वाफेचे ज्ञान असलेले हातही आता थकत चालले आहेत. लढाईत गेलेल्यांची नावे दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात त्याग चक्राच्या भिंतींवर कोरलेली आहेत, खुकरीवरच्या जवानांचीही. जे परत आले आणि बडोद्यासारख्या गावांत पेन्शनवर जगत आहेत, त्यांच्यासाठी मात्र कुठली भिंत नाही.

अलंगकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा जहाजांतून निघालेल्या सामानाची दुकाने आहेत. खाटा, गाद्या, बशा, खुर्च्या, लाइफ जॅकेट, काय नाही ते मिळते, आणि बडोद्यातल्या कितीतरी घरांत तिथली कपाटे आहेत. आमच्या घरासाठी टेबल पाहायला गेलो तेव्हा काका बरोबर होते. टेबलाकडे त्यांचे लक्षच नव्हते. एका कोपऱ्यात पितळी प्रेशर गेजांचा ढीग पडला होता, त्यातले एक उचलून त्यांनी काच अंगठ्याने पुसली, काटा अडकला आहे का ते बोटाने टिचकी मारून पाहिले, मग ते उलटे करून मागच्या बाजूला काहीतरी शोधू लागले. दुकानदाराने किंमत सांगितली. काकांनी विचारले, “भाई, छेल्लो टेस्ट क्यारे थयो?” दुकानदाराला वाटले गंमत चालली आहे. काकांना मात्र तपासणीची तारीख खरोखरच हवी होती, ती नसलेले गेज त्यांनी खाली ठेवले आणि शेजारच्या दोन मुलांना काट्यापुढची लाल रेघ कशासाठी असते ते समजावू लागले. ते सामान कुठल्यातरी मालवाहू जहाजाचे असणार, पण त्याने काय फरक पडतो?

बडोदे समुद्रावर नाही, म्हणून नौदलाशी आपला काय संबंध, असे इथले काही लोक म्हणतात. पण ओखामंडळ हा बडोदे संस्थानचाच मुलूख होता आणि ओखा बंदर सयाजीरावांच्या कारकिर्दीत उभारले गेले. १९७१ मध्ये क्षेपणास्त्र नौकांच्या हालचालींना याच बंदराचा आधार होता, आणि म्हणूनच पाकिस्तानी विमानांनी त्यावर बॉम्ब टाकून तिथल्या तेलसाठ्याला आग लावली. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर चालून गेलेल्या निपात, निर्घात आणि वीर या नौका मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी बनवलेल्या होत्या, त्यांचा पल्ला तोकडा, त्यामुळे सौराष्ट्राच्या किनाऱ्याचा आडोसा नसता तर ही मोहीम आखणेच कठीण होते. त्या रात्रीच्या स्मरणार्थ आपण नौदल दिन पाळतो.

त्यांच्या पुढच्या पिढीतली क्षेपणास्त्र नौका ‘निशंक’ आता लोथलला यायची आहे. तिथे राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभे राहत आहे, त्यात नौदलाच्या दालनाबाहेर ही नौका आणि एक सी हॅरियर विमान ठेवण्याची योजना आहे. लोथल आमच्यापासून गाडीने काही तासांवर, भावनगरच्या वाटेलगतच आहे. क्षेपणास्त्रांची नळकांडी पाहायला गर्दी होईल, ती व्हावीच. पण तिथल्या मंडळींना मी एक पत्र लिहिले आहे, की निशंकच्या आणि इतर नौकांच्या इंजिन रूम आणि बॉयलर रूममध्ये राबलेल्या, गुजरात-महाराष्ट्रात राहणाऱ्या निवृत्त नौसैनिकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून तिथे ऐकवण्याची सोय करावी. पत्राची प्रत काकांना वाचून दाखवली. त्यांनी ‘बॉयलर रूम’ या शब्दाखाली रेघ ओढायला लावली आणि निशंकवर बॉयलर नसतात, ती गॅस टर्बाइनवर चालते, तेव्हा वाफेवाल्यांचा कोपरा वेगळा मागा, असे बजावले. तसे दुसरे पत्र या आठवड्यात पाठवतो आहे.