बागेचं हवामान केंद्र, नोंद ४ : घड्याळात ८० मिनिटं

तासगाव भागातल्या द्राक्षबागेसाठीचं केंद्र मागच्या नोंदीपर्यंत एकाच लूपवर चालत होतं. आता ते फ्रीआरटॉसच्या (छोट्या बोर्डांसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम) पाच टास्कवर, म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामांवर, आणलंय: सेन्सर, पाऊस, कार्ड, डिस्प्ले, वायफाय. बोर्ड ईएसपी३२ च, दोन कोअरचा. आयटूसीच्या (अनेक चिप्सनी वाटून घ्यायच्या) त्याच दोन वायरींवर बीएमई२८० हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर (पत्ता हेक्स, म्हणजे सोळाच्या पायातला, ७६), ओलेड डिस्प्ले (३सी) आणि डीएस३२३१ घड्याळ (६८) आहेत. पानाच्या ओलाव्याचा सेन्सर पिन ३४ वर, म्हणजे एडीसी१ वर (एडीसी व्होल्टेजचा आकडा करतो), कारण वायफाय चालू असताना एडीसी२ भरवशाचा नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी रोगाचा अंदाज बांधायचा तर पान किती तास ओलं राहिलं हे लागतं, म्हणून वेळेचा शिक्का चुकला की ती ओळ बिनकामाची.

आणि नेमका तोच चुकत होता. दर १० सेकंदांनी ओळ पडते. ०६:४०:१० नंतर ०६:४०:२० यायला हवं, तिथे कार्डावर २०:८०:१५ असं उमटलं. पुढची ओळ पुन्हा ०६:४०:३०, बरोबर. अशी ओळ दिवसातून एखाद-दुसरी. पहिला संशय सैल वायर आणि पुल-अप रेझिस्टरवर जातो, पण गोंगाटातून आलेला आकडा इतका नीटनेटका नसतो. ८० कुठून आला हे घड्याळाच्या रजिस्टरच्या (चिपमधल्या आकड्यांच्या कप्प्यांच्या) नकाशावर दिसतं.

डीएस३२३१ मध्ये सेकंद ०० या पत्त्यावर, मिनिटं ०१, तास ०२. चिपचं स्वतःचं तापमान ११ आणि १२ वर (सगळे हेक्स). १२ नंतर पॉइंटर (पुढचा बाइट कुठला ते सांगणारा पत्ता) वळून ०० वर येतो. डिस्प्ले टास्क पेटीचं तापमान दाखवायला ११ वाचते, कार्ड टास्क वेळ घ्यायला ०० पासून सात बाइट वाचते. आमच्या लायब्ररीत वाचन दोन तुकड्यांत होतं: आधी पत्ता लिहून स्टॉप (व्यवहार संपल्याची खूण), मग वेगळं वाचन. कार्ड टास्कने ०० लिहिलं, तेव्हा दुसऱ्या कोअरवर चालू असलेल्या डिस्प्ले टास्कने मध्येच ११ लिहिलं, आणि कार्ड टास्कने वाचायला सुरुवात केली ती ११ पासून. पेटी २१.५ अंशांवर होती. २१ म्हणजे हेक्स १५; वेळेचे बाइट हेक्सच्या अंकांनीच वाचले जातात, म्हणून सेकंदांत १५ गेले. अर्धा अंश वरच्या दोन बिटांत असतो, म्हणजे हेक्स ८०, तो मिनिटांत. खरे सेकंद, २०, तासांच्या जागी सरकले. त्याच ओळीत तारखेच्या जागी ६ होता, तो खरा तास. पाव अंशाला मिनिटं ४० येतात आणि ओळ खपून जाते. ८० ने निदान आरडाओरडा तरी केला.

आयटूसी ड्रायव्हरला स्वतःचं लॉक (एका वेळी एकाच टास्कला वायरी देणारं) असतं हे खरं, पण ते एकेका व्यवहारापुरतं. 'पत्ता लिही आणि वाच' ही जोडी आपली, तिची राखण ड्रायव्हर करत नाही. पहिला उपाय रिपीटेड स्टार्ट: मधला स्टॉप काढला की दोन्ही मिळून एकच व्यवहार होतो. तो केला, पण तेवढ्यावर सोडलं नाही. घड्याळ आणि बीएमई२८० आता फक्त सेन्सर टास्कच्या मालकीचे. वेळ, तापमान, आर्द्रता, ओलावा हे सगळं एका स्ट्रक्टमध्ये (आकड्यांच्या एकाच गठ्ठ्यात) भरून सेन्सर टास्क लांबी १ च्या क्यूमध्ये (रांगेत) एक्सक्यूओव्हरराइटने, म्हणजे जुन्यावरच नवं, टाकते. डिस्प्ले आणि वायफाय टास्क एक्सक्यूपीकने बघतात, उचलत नाहीत. त्यामुळे नवं तापमान आणि जुनी आर्द्रता अशी खिचडी होऊन दवबिंदू चुकत नाही. स्ट्रक्टला सी भाषेतला व्होलाटाइल हा शब्द नुसता लावून हे साधत नाही. व्होलाटाइल कंपायलरला आवरतं, दुसऱ्या कोअरला नाही. कार्डाला मात्र प्रत्येक ओळ हवी, म्हणून त्याची वेगळी क्यू, १६ ओळींची. कार्ड अडलं तरी १६० सेकंद निभावतात.

वायरी मात्र सामाईकच राहिल्या. ओलेडचं पूर्ण चित्र १०२४ बाइटचं, प्रत्येक बाइटला ९ क्लॉक. १०० किलोहर्ट्झला ९२ मिलिसेकंद, ४०० ला २३. एवढा वेळ लॉक धरून ठेवायचं कारण नाही. चित्र १२८ बाइटच्या आठ पानांत जातं, तेव्हा पान लिहिलं की लॉक सोडायचं: ४०० ला जेमतेम ३ मिलिसेकंद. लॉकसाठी आधी बायनरी सेमाफोर वापरला होता, ती चूक. त्याला प्रायॉरिटी इन्हेरिटन्स नसतो, म्हणजे लॉक धरणाऱ्या टास्कला वाट बघणाऱ्या वरच्या टास्कची प्रायॉरिटी तात्पुरती मिळत नाही. खालच्या प्रायॉरिटीची डिस्प्ले टास्क लॉक धरून असताना त्याच कोअरवर मधली कार्ड टास्क घुसली, की वरची सेन्सर टास्क दोघींच्या मागे ताटकळते. १९९७ मध्ये मंगळावर नासाचं पाथफाइंडर यान वारंवार रीसेट होत होतं ते याच दुखण्याने, आणि तिथेही म्यूटेक्सचा (ही सोय असलेल्या लॉकचा) इन्हेरिटन्स चालू केल्यावर ते थांबलं. आपल्याकडे बदल एका ओळीचा: एक्ससेमाफोरक्रिएटम्यूटेक्स.

लॉकची वाट किती बघायची, इथे एक खड्डा आहे. ईएसपी-आयडीएफमध्ये (ईएसपी३२ ची मूळ सॉफ्टवेअर चौकट) टिक, म्हणजे फ्रीआरटॉसचा वेळ मोजायचा ठोका, मुळात १०० हर्ट्झ, म्हणजे १० मिलिसेकंदांचा. ५ मिलिसेकंदांचं टिकमध्ये रूपांतर शून्य येतं, टास्क वाटच बघत नाही आणि लॉक मिळालं नाही म्हणून परतते. आता ५० ठेवलेत. शिवाय फंक्शनची परतीची किंमत (रिटर्न व्हॅल्यू) तपासायची. लॉक न मिळताच पुढे लिहिणारा कोड आमच्याकडे दोन ठिकाणी सापडला.

पावसाच्या टिपिंग बकेटला (ठरावीक पाणी भरलं की उलटणारं भांडं; एक उलटणं म्हणजे एक टिप) लॉक लागलंच नाही. इंटरप्टमध्ये (टिप होताच चालू काम थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) मोजणी एकने वाढते. पूर्वी कार्ड टास्क आकडा वाचून शून्य करायची, आणि वाचणं व शून्य करणं यांच्यामध्ये पडलेली टिप गायब व्हायची. आता शून्य कुणीच करत नाही. वाचणारा मागचा आकडा लक्षात ठेवून वजाबाकी करतो. ३२ बिटांचा जुळलेला (चारच्या पटीतल्या पत्त्यावरचा) आकडा एका दमात वाचला जातो, लिहिणारा एकच आहे, आणि अनसाइन्ड असल्याने आकडा उलटून शून्यावर आला तरी फरक बरोबर येतो. बकेटच्या रीड स्विचच्या (चुंबकाने जुळणाऱ्या स्विचच्या) उड्यांसाठी, म्हणजे जुळतानाच्या थरथरीसाठी, १० किलोओम आणि ०.१ मायक्रोफॅरड. तो पिन २७ वर घ्या. ३६ किंवा ३९ वर एडीसी जागा होताना सुमारे ८० नॅनोसेकंदांचा खोटा लो येतो आणि कोरड्या दिवशी पाऊस मोजला जातो.

राहिलेलं काम: कार्ड टास्कचा स्टॅक (तिची कामापुरती मेमरी). २०४८ दिला होता, फाइल उघडताच ओव्हरफ्लो. इथे आकडा बाइटमध्ये असतो, मूळ फ्रीआरटॉससारखा वर्डमध्ये नाही. सध्या ४०९६ आहे. हाय वॉटर मार्क (स्टॅक कमीत कमी किती शिल्लक राहिला तो आकडा) दर तासाला त्याच फाइलमध्ये लिहायला लावलाय.