संगणक सुरक्षेचा अभ्यास दुसऱ्या वर्षापासूनच सुरू होतो

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली मुले, आणि बऱ्याचदा त्यांचे पालकही, मला एकच प्रश्न विचारतात: सायबर सुरक्षेत करिअर करायचे आहे, तर कोणता क्लास लावावा? पुण्यात अशा क्लासच्या जाहिरातींना तोटा नाही आणि त्यांतले काही जण मन लावून शिकवतात, हेही मला माहीत आहे. तरीही मी पुण्यात संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतली, पुढे माहिती सुरक्षा हाच विषय घेऊन एम.टेक. केले आणि आता तोच विषय शिकवतो आहे, त्यामुळे माझे उत्तर ठरलेले असते. दुसऱ्या वर्षी शिकवले जाणारे डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स आणि मायक्रोप्रोसेसर, तिसऱ्या वर्षीचे ऑपरेटिंग सिस्टिम आणि कॉम्प्युटर नेटवर्क्स हे विषय नीट केले, तर सुरक्षेचा निम्म्याहून अधिक अभ्यास तिथेच होतो. चौथ्या वर्षी अभ्यासक्रमात ‘माहिती सुरक्षा’ नावाचा विषय येतो, तेव्हा या सगळ्या विषयांकडे हल्लेखोराच्या नजरेने पुन्हा एकदा पाहायचे असते. ज्याने ते विषय केवळ परीक्षेपुरते केले, त्याच्याकडे त्या वेळी पाहण्यासारखे काहीच नसते.

याचे सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे बफर ओव्हरफ्लो, म्हणजे स्मृतीत राखून ठेवलेल्या जागेत मावणार नाही इतका मजकूर तिथे भरणे. सी भाषेत एखादे फंक्शन बोलावले जाते, तेव्हा त्याचे काम संपल्यावर कुठे परतायचे तो पत्ता स्टॅकवर, म्हणजे स्मृतीतल्या एका राखीव भागात, ठेवला जातो, आणि त्या फंक्शनची स्थानिक चलेही त्याच स्टॅकवर, त्या पत्त्याच्या खालच्या बाजूला जागा घेतात. स्टॅक खाली वाढत जातो, पण अॅरेमध्ये अक्षरे भरली जातात ती वरच्या दिशेने. आता सोळा बाइटांच्या अॅरेमध्ये लांबी न तपासता मजकूर उतरवून घेतला, तर सतराव्या बाइटापासून पुढचा मजकूर शेजारच्या जागेत शिरतो आणि पुरेसा लांब असेल, तर परतीच्या पत्त्यावर जाऊन बसतो. प्रयोगशाळेत मी मुलांना सोळा बाइटांच्या जागी रोमन कॅपिटल ‘ए’ हे अक्षर चाळीस वेळा टाकायला सांगतो. प्रोग्रॅम कोसळतो. मग डीबगरमध्ये प्रोसेसरचा इन्स्ट्रक्शन पॉइंटर पाहायचा, तर तिथे ४१४१४१४१ असा आकडा दिसतो. ‘ए’चा आस्की क्रमांक हेक्साडेसिमल पद्धतीत ४१ आहे, म्हणजे आपण कीबोर्डवरून टाकलेली अक्षरेच प्रोसेसरने पुढच्या सूचनेचा पत्ता म्हणून वाचली. हे लक्षात येते त्या क्षणी वर्गात जी शांतता पसरते, तिच्यासाठी मी हा विषय शिकवतो असे म्हटले तरी चालेल. सूचना आणि माहिती एकाच स्मृतीत राहतात, हे वाक्य त्यांनी दुसऱ्या वर्षी पाठ केलेले असते. त्याचा अर्थ त्यांना त्या स्क्रीनवर कळतो.

हा प्रयोग करण्यासाठी आजच्या लिनक्सवर तीन संरक्षणे मुद्दाम बंद करावी लागतात, आणि शिकण्याचा अर्धा भाग तिथेच आहे. कंपायलर परतीच्या पत्त्याच्या आधी एक गुप्त किंमत ठेवतो आणि परतण्यापूर्वी ती बदलली आहे का ते तपासतो. ही कल्पना १९९८ साली स्टॅकगार्ड या कामातून पुढे आली. दुसरे संरक्षण म्हणजे स्टॅकवरचा मजकूर सूचना म्हणून चालवायला प्रोसेसरनेच नकार देणे, आणि तिसरे म्हणजे प्रत्येक वेळी प्रोग्रॅमचे भाग स्मृतीत वेगवेगळ्या जागी मांडणे. प्रत्येक संरक्षण एकेक करून पुन्हा सुरू करायचे आणि आपला हल्ला नेमका कोणत्या पायरीवर अडतो ते वहीत लिहायचे, असा माझा आग्रह असतो. त्यातून मुलांना कळते की ही संरक्षणे चूक दुरुस्त करत नाहीत, त्या चुकीचा फायदा घेणे अवघड करतात. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने सोडलेल्या मॉरिस वर्म या स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रॅमने ज्या वाटा वापरल्या, त्यांतली एक नेमकी हीच होती: फिंगर या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेतला ५१२ बाइटांचा बफर आणि लांबी न तपासणारे वाचन. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, तरी स्मृतीच्या हाताळणीतल्या चुका थांबलेल्या नाहीत.

गणिताला मुले घाबरतात, पण लागणारे गणित बेताचे आहे आणि त्यातले बरेचसे आपल्याकडे फार जुने आहे. आरएसए या कूटबद्ध करण्याच्या पद्धतीत सार्वजनिक किल्लीने कोणीही संदेश बंद करू शकतो, पण तो खासगी किल्लीनेच उघडतो; ही खासगी किल्ली तयार करताना एका संख्येचा मॉड्युलर व्यस्त काढावा लागतो. ११ आणि १७ या मूळ संख्या घेतल्या, तर प्रत्येकीतून १ वजा करून १० गुणिले १६ म्हणजे १६०; सार्वजनिक घातांक ७ घेतला, तर ७ ने गुणून १६० ने भागल्यावर बाकी १ उरेल अशी संख्या हवी, आणि ती २३ आहे, कारण ७ गुणिले २३ म्हणजे १६१. संख्या शेकडो अंकी झाल्या की हे नजरेने जमत नाही, तिथे युक्लिडची विस्तारित रीत वापरतात, आणि याच जातीचे प्रश्न सोडवण्याची कुट्टक ही रीत आर्यभटापासून चालत आलेली असून भास्कराचार्यांच्या लीलावतीत तिच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. जळगावकडची मुले वर्गात असली की मी हे आवर्जून सांगतो, कारण पुस्तकातली रीत आपल्या गावाशेजारी शिकवली जात होती हे कळल्यावर ती परकी वाटत नाही.

मात्र सूत्र जमले म्हणजे सुरक्षा जमली, असे होत नाही. आरएसएचे पाठ्यपुस्तकातले रूप जसेच्या तसे वापरले आणि संदेश फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असाच असू शकत असेल, तर चोराला किल्ली फोडायची गरजच नाही: सार्वजनिक किल्ली त्याच्याकडे आहेच, तो दोन्ही उत्तरे स्वतः कूटबद्ध करून पाहतो आणि कोणते जुळते ते बघतो. म्हणून प्रत्यक्षात संदेशात दर वेळी नवी यादृच्छिक भर घालावी लागते. परीक्षेत आरएसएवर आकडेमोडीचे उदाहरण हमखास येते. हा प्रश्न मात्र मी एकाही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

माझा सगळ्यात आवडता भाग प्रोटोकॉलचा, म्हणजे संदेशांच्या ठरलेल्या देवाणघेवाणीचा आहे, आणि तो शिकवायला संगणकही लागत नाही. १९७८ साली रॉजर नीडहॅम आणि मायकल श्रोडर यांनी दोन व्यक्तींनी एकमेकांची ओळख पटवण्याची एक पद्धत मांडली. ‘अ’ एक यादृच्छिक संख्या निवडतो, तिच्यासोबत आपले नाव लिहून ‘ब’च्या सार्वजनिक किल्लीने बंद करून पाठवतो. ‘ब’ ती उघडतो, ‘अ’ची संख्या आणि स्वतःची नवी संख्या एकत्र करून ‘अ’च्या किल्लीने बंद करतो आणि परत पाठवतो. ‘अ’ ती उघडून ‘ब’ची संख्या ‘ब’च्या किल्लीने बंद करून परत करतो. ‘अ’ला वाटते की आपली संख्या फक्त ‘ब’च उघडू शकतो, ‘ब’ला वाटते की आपली संख्या फक्त ‘अ’च उघडू शकतो, आणि दोघांचीही खात्री पटते. वर्गात तीन मुलांना पुढे बोलावून मी हे चिठ्ठ्या आणि लिफाफ्यांनी करवून घेतो (लिफाफा ज्याच्या नावाचा, तोच तो उघडू शकतो), आणि मग तिसऱ्या मुलाला, म्हणजे ‘क’ला, सांगतो की तू अप्रामाणिक आहेस आणि ‘अ’ने बोलणे तुझ्याशीच सुरू केले आहे.

आता ‘क’ आपल्या नावाचा लिफाफा उघडतो, आतली चिठ्ठी जशीच्या तशी ‘ब’च्या लिफाफ्यात घालून पुढे देतो. ‘ब’ला वाटते, चिठ्ठीवर ‘अ’चे नाव आहे, म्हणजे ‘अ’च बोलतो आहे. तो उत्तर ‘अ’च्या लिफाफ्यात बंद करतो. ‘क’ला तो लिफाफा उघडता येत नाही, पण उघडायची गरजही नाही, तो तसाच ‘अ’च्या हाती देतो. ‘अ’ला वाटते की हे ‘क’चेच उत्तर आहे, म्हणून तो आतली ‘ब’ची संख्या ‘क’च्या लिफाफ्यात घालून इमानदारीने परत करतो. ‘क’ तो लिफाफा उघडतो, संख्या ‘ब’ला देतो, आणि ‘ब’ यापुढे ‘क’लाच ‘अ’ समजून बोलू लागतो. कुलूप कोणी फोडले नाही, किल्ली कोणी चोरली नाही. ही फट गॅव्हिन लोव यांनी १९९५ साली, म्हणजे मूळ पद्धतीनंतर सतरा वर्षांनी दाखवली, आणि तिच्यावरचा उपाय इतकाच होता की दुसऱ्या संदेशात ‘ब’ने आपले नाव लिहावे. हा उपाय मी सांगत नाही. मुले लिफाफे घेऊन वाद घालत बसतात आणि बहुतेक वेळा कोणाला तरी तो सुचतो.

यानंतर मी पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्याकडे वळतो, कारण पुण्यातल्या बहुतेक मुलांच्या घरी त्या दिवसांत त्याची चर्चा झालेली असते. ११ आणि १३ ऑगस्टला मिळून बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले; त्यांतला मोठा भाग बनावट कार्डांनी अनेक देशांतल्या एटीएममधून काढला गेला आणि काही रक्कम स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यामार्गे हाँगकाँगला वळवली गेली. एटीएममधून पैसे मागितले की ती विनंती स्विच नावाच्या मधल्या यंत्रणेमार्फत बँकेच्या, खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या, कोअर बँकिंग प्रणालीकडे जाते आणि तिथून होकार आला की नोटा बाहेर पडतात. या हल्ल्यात मालवेअरने एक खोटा स्विच उभा केला आणि त्यानेच होकार दिले, त्यामुळे खात्यात पैसे आहेत का हा प्रश्न खऱ्या प्रणालीपर्यंत पोहोचलाच नाही. लिफाफ्यांचा खेळ नुकताच संपलेला असतो, त्यामुळे मुले लगेच विचारतात की होकार कोणी दिला हे तपासायची सोय कुठे होती. हा प्रश्न त्यांनी नोकरीच्या पहिल्या दिवशी विचारावा, एवढ्यासाठीच मी नीडहॅम आणि श्रोडर यांच्यावर आठवडाभर घालवतो.

तोंडी परीक्षेत मात्र अजूनही गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता यांच्या व्याख्या विचारल्या जातात, मूल त्या घडाघडा म्हणते आणि गुण घेऊन बाहेर पडते. मी परीक्षक असतो तेव्हा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या जर्नलमधला एखादा प्रोग्रॅम उघडतो, अगदी लिंक्ड लिस्टचासुद्धा, आणि विचारतो की इथे तू काय गृहीत धरले आहेस. फाइल सापडेलच, नाव वीस अक्षरांपेक्षा लहान असेल, वापरकर्ता आकडाच टाकेल, अशी एकेक गोष्ट त्याने सांगितली की विषय त्याला समजला आहे असे मी मानतो.

सराव कुठे करावा, याबाबत मी कडक आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचे कलम ४३ परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याला आळा घालते, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कॉलेजच्या वायफायवर ‘जरा बघू’ म्हणून साधने चालवणाऱ्या मुलांना मी हे कलम वाचून दाखवतो. परवानगीच्या जागा भरपूर आहेत: सिरॅक्यूज विद्यापीठातल्या वेनलियांग डू यांच्या सीड लॅब्ज आपल्याच लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातल्या आभासी संगणकात, चालतात, कार्नेगी मेलन विद्यापीठाची पिकोसीटीएफ ही हॅकिंगची स्पर्धा नवशिक्यांसाठी आहे, अमृता विद्यापीठ भरवते ती इनसीटीएफ आहे, आणि एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर खरगपूर आणि मद्रास आयआयटीच्या प्राध्यापकांची क्रिप्टोग्राफी आणि सुरक्षित प्रणाली यांवरची व्याख्याने मोफत ऐकता येतात.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मशीन लर्निंग वापरून घुसखोरी ओळखण्याचे प्रस्ताव दर वर्षी ढिगाने येतात. त्याच जुन्या डेटासेटवर अचूकतेचा टक्का दाखवून ते संपतात आणि मुलांच्या हाती फारसे काही लागत नाही. मी त्याऐवजी मुलांना एखादी जुनी, दुरुस्त झालेली त्रुटी मुळापासून अभ्यासायला देतो. इंटरनेटवरचे संदेश कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतली हार्टब्लीड ही त्यासाठी उत्तम आहे. मार्च २०१२ मध्ये आलेल्या १.०.१ या आवृत्तीत ती होती आणि ७ एप्रिल २०१४ रोजी १.०.१जी या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. समोरच्याने पाठवलेल्या संदेशात ‘माझा मजकूर इतका लांब आहे’ असे सांगणारा दोन बाइटांचा आकडा होता, आणि सर्व्हर तो आकडा खरा मानून तेवढी स्मृती परत पाठवत असे, मग प्रत्यक्ष मजकूर एकच बाइट का असेना. एका विनंतीत सुमारे ६४ किलोबाइटांपर्यंत शेजारची स्मृती बाहेर पडू शकत होती. जुनी आवृत्ती व्हर्च्युअल मशीनवर बांधायची, विनंती स्वतः लिहायची, परत आलेल्या बाइटांत काय सापडते ते पाहायचे, आणि मग दुरुस्तीतल्या लांबी तपासणाऱ्या ओळी मूळ कोडमध्ये आपल्या हाताने घालून तीच विनंती पुन्हा पाठवायची. त्याला एक सत्र पुरते. दुसऱ्या सत्रात त्याच प्रकारची गृहीतके दुसऱ्या एखाद्या मुक्त स्रोत प्रकल्पाच्या कोडमध्ये शोधायची, आणि काही सापडले तर जाहीर करण्याआधी ते त्या प्रकल्पाच्या सांभाळकर्त्यांना कळवायचे. यंदा माझ्याकडे असे दोन गट आहेत, आणि त्यांतल्या एकाने नेटवर्क पॅकेट वाचणारी एक लायब्ररी निवडली आहे.