ब्रेक सोडला तरी ट्रक सोडत नव्हता (लोड सेल पेडल, अपडेट ४)

सापडलं! माझ्या ट्रक गेमच्या पेडलमधला, तीन आठवडे डोकं खाणारा ब्रेकचा उशीर काल रात्री गेला. थोडा माझ्या कोडमुळे आणि मुख्य म्हणजे चिपच्या एका पिनमुळे होत होता. आधी तेच सांगते, बाकीचं नंतर.

मागच्या अपडेटपर्यंत कुठे आलो होतो ते आठवत असेलच. जुन्या पेडल सेटमधला ब्रेकचा पॉट (पेडल किती फिरलं ते मोजणारा पोटेंशिओमीटर) काढून तिथे ५० किलोचा बार टाइप लोड सेल (पायाचा जोर मोजणारी धातूची पट्टी) बसवला, त्याला एचएक्स७११ (लोड सेलचा सिग्नल वाचून आकडा देणारी चिप), पुढे प्रो मायक्रो (यूएसबीवाला छोटा आर्डुइनो बोर्ड), आणि ॲक्सिलरेटरचा पॉट पण त्याच प्रो मायक्रोवर घेतला. स्टिअरिंग एका यूएसबीवर, पेडल दुसऱ्या. युरो ट्रक सिम्युलेटर २ ला दोन्ही एकदम चालतात, कंट्रोल्समध्ये दुसऱ्या जागी पेडल निवडायचं आणि ॲक्सिस द्यायचा. द्यायच्या वेळी पेडलला पायही न लावता ट्रक अर्धा ब्रेक दाबून उभा राहिला तर वायरिंग उकलत बसू नका, ॲक्सिसचा मोड बदलून बघा, नॉर्मल, इन्व्हर्टेड, सेंटर्ड, यातला एक बरोबर बसतो.

तर बसवलं सगळं, विंडोजच्या गेम कंट्रोलरवाल्या खिडकीत दाबून बघितलं, पट्टी मस्त भरतेय, सोडली की रिकामी होतेय, मी खूश. गेममध्ये गेले, मागे २२ टनांचा ट्रेलर, उतार, पुढे वळण, ब्रेक दाबला आणि काहीच नाही, मग एकदम सगळं आलं, मी पाय काढला तर ट्रक अजून थांबतोच आहे, वळणाच्या मधोमध मागची चाकं लॉक आणि ट्रेलर फोल्ड. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी मुद्दाम आधी दाबला आणि आधी सोडला, म्हणजे मीच उशिराचा अंदाज घेऊन चालवायला लागले, आणि तिथे मला खरंच वाईट वाटलं, कारण ब्रेक पायाला कळावा म्हणून तर हा सगळा खटाटोप.

आता चूक कुठे शोधली ते ऐका. आधी पेडलच्या सांध्यात. सगळं उघडलं, पुसलं, ग्रीस लावलं. मग स्प्रिंग बदलली, पेडल परत यायला वेळ लावतंय असं वाटलं म्हणून. मग गेममधला ब्रेक इंटेन्सिटीचा स्लायडर वर-खाली केला, ट्रेलर स्टॅबिलिटी वाढवली (हे मला आवडत नाही, वाढवली की ट्रेलर रुळावरून चालल्यासारखा वाटतो, परत कमी केली). आणि याच काळात ॲक्सिलरेटरही धक्के द्यायला लागला होता, हळू दाबला तरी आरपीएम टप्प्याटप्प्याने चढायचे, म्हणून तो पॉट घाण झालाय असं धरून त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, दोनदा. काही फरक नाही. दोन वेगळे आजार समजून मी दोन वेगळी औषधं देत होते.

वळण आलं ते भावामुळे. मी बाहेरचा कॅमेरा लावून रिव्हर्स पार्किंग करत होते, तो मागे उभा होता, म्हणाला, "ताई, तू पाय काढलास ना? मग ब्रेक लाइट अजून का लागलेत?" मी पाय पूर्ण उचलून हवेत धरला आणि बघितलं. लाल दिवे लागलेले. मनातल्या मनात एक म्हणून होईपर्यंत लागलेले. मग गेले. म्हणजे पेडल नाही, स्प्रिंग नाही, सिग्नलच मागे राहतोय.

गेम बंद केला, आर्डुइनोचा सिरीयल प्लॉटर (बोर्डाकडून येणारे आकडे आलेखात दाखवणारी खिडकी) उघडला आणि पेडलवर पटकन एक टाच मारली. रेघ चढायला हवी होती तिथे पायऱ्या दिसल्या. चक्क जिना, आणि एकेक पायरी पाऊण सेकंदाची. विंडोजच्या खिडकीत मी हळू दाबून, धरून, हळू सोडत होते म्हणून हे इतके दिवस दिसलंच नाही. तुम्ही कोणी लोड सेल बसवत असाल तर टेस्ट टाच मारून करा, हळू दाबून सगळंच चांगलं दिसतं.

पहिला गुन्हेगार माझा कोड. आकडे थरथरू नयेत म्हणून मी आठ रीडिंगचा ॲव्हरेज घेत होते, आणि लायब्ररीतलं ते फंक्शन आठही रीडिंग हातात येईपर्यंत तिथेच थांबून राहतं. तेवढा वेळ बोर्ड दुसरं काहीच करत नाही. म्हणून ॲक्सिलरेटरही टप्प्याटप्प्याने! पॉट अगदी ठणठणीत होता, त्याच्याकडे बघायला कोणाला वेळच नव्हता. ॲव्हरेज काढला, आधी रीडिंग तयार आहे का विचारायचं आणि असेल तरच घ्यायचं, नसेल तर पुढे जायचं, असं केलं. ॲक्सिलरेटर त्याच क्षणी लोण्यासारखा झाला. हा विजय मी त्या संध्याकाळी नुसता पहिला-दुसरा-तिसरा गिअर टाकत साजरा केला, कुठे गेलेच नाही, यार्डातच गोल गोल फिरले.

ब्रेक सुधारला पण पूर्ण नाही. पायऱ्या आता बारीक झाल्या होत्या, मोजल्या तर सेकंदाला बरोबर दहा. आणि टाच मारल्यावर खरा आकडा गाठायला चार पायऱ्या. चारच, दर वेळी. हे इतकं नियमित दिसल्यावर मी चिपची डेटाशीट (बनवणाऱ्यांचं माहितीपत्रक) काढली, जी मी पहिल्या दिवशी काढायला हवी होती. एचएक्स७११ दोन वेगांनी चालतो, सेकंदाला १० रीडिंग किंवा ८०. ठरवते कोण, तर १५ नंबरची पिन, रेट नावाची. ती ग्राउंडला असेल तर १०, सप्लायला असेल तर ८०. आणि बदल झाल्यावर आकडा स्थिर व्हायला १० वर ४०० मिलिसेकंद लागतात, ८० वर ५०. चारशे! माझ्या चार पायऱ्या त्याच. माझ्यासारख्या हिरव्या बोर्डांवर ही पिन ट्रॅकनेच ग्राउंडला बांधून ठेवलेली असते, कारण वजनकाट्याला १० पुरतात, उलट आकडा जास्त शांत राहतो. ज्यांच्या बोर्डावर रेटसाठी वेगळा जंपर आहे त्यांचं काम सोपं, तो कापला की झालं. बोर्ड घेताना तोच बघून घ्या असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या बोर्डावर जंपर नाही, म्हणून पिनच उचलावी लागली. चिपचा पाय तांदळाच्या टोकाएवढा. भिंग स्टँडवर लावलं, सोल्डरिंग आयर्नचं टोक नुसतं टेकवलं आणि दुसऱ्या हाताने सुई पायाखाली सरकवून हलकेच वर. सोल्डर चकाकलं, पाय सुटला, मी श्वास सोडला. सुदैवाने शेजारचीच १६ नंबरची पिन सप्लायची आहे, त्यामुळे तार ओढायची गरज नाही, उचललेला पाय तिच्याकडे किंचित वाकवायचा आणि सोल्डरचा एक थेंब. पण त्याआधी मल्टिमीटर बीपवर लावून तो पाय खालच्या पॅडला कुठेही टेकत नाहीये हे बघाच बघा, टेकत असेल आणि तुम्ही वर थेंब टाकलात तर सप्लाय सरळ ग्राउंडला जाईल. मी तीनदा तपासलं.

प्लग लावला, प्लॉटर उघडला, टाच मारली. रेघ भिंतीसारखी सरळ वर! मी ती टाच किती वेळा मारली ते विचारू नका, खालच्या मजल्यावर आवाज गेला असणार.

पुढचा त्रास याच्याच पोटातून आला. ८० वर आकडा जास्त थरथरतो, आणि ती थरथर गेमला शून्य-एक टक्का ब्रेक म्हणून दिसते. मला ते कळलं हवेच्या काट्यावरून. एअर ब्रेकचं सिम्युलेशन चालू ठेवते मी, सरळ हायवेवर पाय ब्रेकच्या जवळही नसताना प्रेशर थोडं थोडं खाली येत होतं, बाहेरून बघितलं तर ब्रेक लाइट लुकलुकतायत. पंधरावीस मिनिटं ट्रक सतत ब्रेकला गुदगुल्या करत चालला होता. दोन गोष्टी केल्या. नव्या रीडिंगचा फरक जेवढा असेल त्याच्या ४०% च पुढे सरकायचं, त्यामुळे थरथर दबते आणि चार रीडिंगांत, म्हणजे ५० मिलिसेकंदात, आकडा जवळपास पोचतोही. आणि खालचे २% डेडझोन, म्हणजे तेवढा दाब मोजायचाच नाही. शिवाय लोड सेलची वायर स्टिअरिंगच्या पॉवर केबलला बांधलेली होती ती सोडून वेगळ्या बाजूने नेली, याने थरथर जवळजवळ अर्धी झाली, हे आधी करा, फिल्टर नंतर. आता काटा ढिम्म हलत नाही.

अजून एक छोटी पण महत्त्वाची. जोरात दाबलं तरी ब्रेक ७० टक्क्यांच्या वर जात नव्हता, मी गेन (आकडा किती पटीने मोठा करायचा ते) वाढवत बसले होते. कारण साधं होतं, बारचं मोकळं टोक वाकून खालच्या प्लेटला टेकत होतं. बार टाइपला एक टोक घट्ट आणि दुसरं पूर्ण मोकळं हवं, वाकायला जागा हवी. घट्ट टोकाखाली दोन वॉशर, काम झालं. आणि प्लग लावताना पाय पेडलवर असेल तर तेच वजन शून्य धरलं जातं, मग पाय काढून परत दाबला की तेवढा जोर वाया. लावताना पाय जमिनीवर.

किती किलोला १०० टक्के ठेवायचं यावर मागे बरंच बोलणं झालं होतं. रेसिंगवाले ६० च्या वर सांगतात. मी जास्त जोरावर सुरू केलं, ४० वर आले, आता २५ वर आहे आणि इथेच थांबणार. ट्रकच्या ब्रेकला ताकद हवेची असते, पायाने फक्त व्हॉल्व्ह उघडायचा असतो, तिथे फॉर्म्युला कारसारखी लाथ घालायची गरजच नाही. उलट सिग्नलला शेवटचे पाच मीटर अलगद थांबवताना पायात बारकावा लागतो आणि तो हलक्या पेडलवरच मिळतो. म्हणून पेडल आणि सेलच्या मध्ये कडक रबराऐवजी लांब मऊ स्प्रिंग आणि शेवटी छोटा रबराचा तुकडा असं केलंय. पेडल खोल जातं, शेवटी घट्ट होतं. आणि लांब उतारावर रिटार्डर (चाकांचे ब्रेक न वापरता वेग कमी करणारी यंत्रणा) आहेच, तिथे ब्रेकवर पाय ठेवून उतरणं मला पटत नाही.

स्टिअरिंगचं थोडक्यात, ९०० डिग्री, नॉन-लिनिॲरिटी शून्य, म्हणजे हात जितका फिरेल त्याच प्रमाणात चाक. खरा ट्रक या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाच फेरे घेतो, आपल्याकडे अडीच, म्हणून सेन्सिटिव्हिटी मी मुद्दाम कमी ठेवलीय. यार्डात जास्त हात फिरवावे लागतात, पण हायवेवर लेन सुटत नाही.

पुढचा प्लॅन क्लचलाही लोड सेल लावायचा होता, सुटे भाग टेबलावर तयार आहेत. पण हे लिहिता लिहिताच लक्षात येतंय की क्लचमध्ये मला जोर मोजायचाच नाहीये, बाइट पॉइंट (क्लच पकडायला लागतो ती जागा) हा पेडल कुठवर आलंय त्यावर असतो, म्हणजे तिथे अंतर मोजणारंच काहीतरी हवं. मग हॉल सेन्सर (चुंबक किती जवळ आहे ते ओळखणारा) आणि मॅग्नेट, घासणारं काही नाही, घाण होणारं काही नाही. लोड सेल कॅन्सल. आणि प्रो मायक्रोवर पिना उरल्यायत, तर रिटार्डरसाठी एक रोटरी एन्कोडर (टिक टिक फिरणारं बटण), एक टिक वर म्हणजे वाढव, एक टिक खाली म्हणजे कमी, स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला दांडीसारखा. नाही, खरंच दांडीच करते, एन्कोडरला हात फिरवावा लागेल आणि उतारावर मला हात स्टिअरिंगवर हवाय. दोन मायक्रोस्विच आणि मध्ये परत येणारी स्प्रिंग, जुन्या पेडलमधली काढलेली स्प्रिंग तेवढ्याच मापाची आहे, आत्ताच हातात घेऊन बघितली.

क्लचचा मॅग्नेट सांध्याच्या पिनवर चिकटवायचा की पेडलच्या मागे, हे ठरत नाहीये. सांध्यावर फिरणं कमी मिळतं, मागे लावला तर रेंज मोठी पण अंतर बदलतं तसा आकडा सरळ रेषेत येत नाही. कोणी केलं असेल तर फोटो टाका. तोवर मी तोच २२ टनांचा ट्रेलर घेऊन त्याच उतारावर परत जातेय.